जुन्या विमानाला उद्या काय भाव?

बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना विमानाच्या आवाजाचं अप्रूप आता राहिलेलं नाही. हवा चांगली असली की छोटी दोन-चार आसनांची विमानं धावपट्टीवरून उठतात. कधी इंदापूर तालुक्यातल्या उसावरून जातात, कधी उजनीच्या पाण्याच्या दिशेने वळतात आणि थोड्या वेळाने परत येतात. लहान मुलं हात हलवतात. मोठी माणसं मान वर करत नाहीत. ही विमानं पायलट होऊ पाहणाऱ्या मुला-मुलींची आहेत. प्रवासी त्यांत बसत नाहीत.

या विमानांबद्दल आमच्याकडे दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला प्रश्न आई-वडिलांचा. ‘मुलगा पायलट व्हायचं म्हणतो, पण शिकवायची विमानं चाळीस-चाळीस वर्षांची असतात म्हणे. लेकराला त्यात बसवायचं कसं?’ दुसरा प्रश्न गॅरेजवाल्या भाईंचा. ‘गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला कोणी विचारत नाही. मग एवढ्या जुन्या विमानाला किंमत तरी काय उरत असेल? आणि पुढे काय राहील?’

प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. म्हणून या महिन्यात जुन्या छोट्या विमानाच्या किमतीचा हिशेब मांडू या. आपल्यापैकी कोणी उद्या विमान विकत घ्यायला निघालेलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या विमानात बसण्यासाठी जमीन विकणारी, दागिने मोडणारी घरं आपल्यातही असू शकतात. त्यांना हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

आधी वयाचं पाहू. सेसना १५२ हे दोन आसनी विमान जगभरच्या प्रशिक्षण संस्थांमध्ये वापरलं जातं. अमेरिकेच्या सेसना कंपनीने ते १९७७ ते १९८५ या काळात बनवलं. साडेसात हजारांहून जास्त विमानं तयार झाली आणि मग उत्पादन बंद झालं. म्हणजे आज जे कोणतं १५२ उडताना दिसेल, त्याचं वय चाळीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. आई-वडिलांनी ऐकलेली गोष्ट खोटी नाही. तरीही जगात अशी अनेक विमानं रोज उडतात आणि विकली जातात तेव्हा त्यांना चांगला पैसा मिळतो. हे कसं?

गाडीची किंमत ठरवताना आपण मॉडेलचं साल विचारतो, रनिंग विचारतो, आरसी बुक पाहतो. विमानातही हे तिन्ही आहेत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. तिथे सालाला सर्वांत कमी महत्त्व. रनिंग किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. आणि कागदाला सर्वांत जास्त मोल.

इंजिनापासून सुरुवात करू. सेसना १५२ ला लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन असतं. हे इंजिन साधारण २४०० तास चाललं, किंवा तास पुरे झाले नाहीत तरी १२ वर्षं झाली, की ते पूर्ण खोलून नव्याने बांधावं, असं कंपनी सांगते. आपल्या गॅरेजच्या भाषेत फुल इंजिन काम. हिशेब सोपा जावा म्हणून समजा, त्या कामाला २४ लाख रुपये लागतात. मग विमान हवेत गेलेल्या प्रत्येक तासाला इंजिनातले हजार रुपये खर्च होतात. काम नुकतंच झालेलं विमान आणि २३०० तास चाललेलं विमान बाहेरून अगदी सारखं दिसेल. रंगही तोच, खुर्च्याही त्याच. पण किमतीत बावीस-तेवीस लाखांचा फरक पडेल. म्हणून जाणता गिऱ्हाईक रंग पाहत नाही, इंजिनाचे उरलेले तास विचारतो.

दुसरा भाग सांगाड्याचा. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा. त्याला गंज लागतो, पण तो लोखंडासारखा लाल दिसत नाही. पांढरट भुकटी येते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हा त्रास जास्त. बारामती-इंदापूर हा कमी पावसाचा कोरडा पट्टा आहे. शेतकऱ्याला तो रडवतो, पण विमानाच्या पत्र्याला मानवतो. गंजाखेरीज धातूचा थकवाही असतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. वर्षानुवर्षं उतरताना बसणारे धक्के आणि पंखावर येणारा ताण यांनी जोडाच्या जागी बारीक चीर पडू शकते. म्हणूनच सेसनाने आपल्या जुन्या विमानांसाठी गंज आणि थकवा शोधण्याच्या खास तपासण्या ठरवून दिल्या आहेत. त्या वेळखाऊ आणि खर्चिक आहेत. त्या झाल्या असतील तर विमानाचा भाव टिकतो. झाल्या नसतील तर घेणारा तो खर्च किमतीतून वजा करतो.

तिसरा भाग कागदांचा. सांगाड्याची वही वेगळी, इंजिनाची वेगळी. विमान किती तास उडालं, कोणता पार्ट कधी बदलला, तो कुठून आला, काम कोणी केलं आणि कोणाच्या सहीने ते पास झालं, हे सगळं त्यांत नोंदलेलं असतं. ही वही हरवली किंवा मधली काही वर्षं कोरी राहिली, तर चांगल्या विमानाचाही भाव कोसळतो. पार्ट नवा असेल, पण नवा असल्याचा कागद नसेल, तर कायद्याच्या नजरेत तो नवा नाही. विकताना मालातला ऐब सांगून विकावा, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून कानावर पडते. विमानाच्या धंद्यात ती शिकवण वहीच्या रूपाने सक्तीची केली आहे, एवढंच.

आता बाजाराकडे वळू. जुन्या विमानांचा भाव टिकून राहण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत छोट्या विमानांच्या कंपन्यांवर नुकसानभरपाईचे इतके दावे झाले की विम्याचा खर्च त्यांना परवडेना. विक्रीही घसरली होती. सेसनाने १९८६ मध्ये १७२ हे चार आसनी विमान बनवणं थांबवलं. जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान ते हेच, ४४ हजारांहून जास्त. १९९४ मध्ये अमेरिकेने कायदा केला की छोटं विमान १८ वर्षांपेक्षा जुनं झालं की त्यातल्या दोषासाठी सहसा बनवणाऱ्यावर दावा करता येणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये १७२ पुन्हा बनू लागलं. मधली दहा वर्षं नवा माल आलाच नाही. जो आला तो फार महाग होता. आज नव्या १७२ ला चार लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. नवं एवढं महाग झालं की जुन्याचा भाव आपोआप वर राहतो. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरच्या किमती वाढल्या की जुन्या ट्रॅक्टरचा मालक आकडा वाढवून सांगतो, तसंच.

चांगल्या अवस्थेतलं सेसना १५२ आज मूळ किमतीपेक्षा जास्त डॉलरना विकलं जातं. हे ऐकून कोणाला वाटेल की विमान म्हणजे सोन्यासारखी गुंतवणूक आहे. तसं मुळीच नाही. चाळीस वर्षांची महागाई वजा केली तर तो फायदा बहुतेक विरघळून जातो. त्यावर दर पन्नास तासांनी तेल, दर शंभर तासांनी तपासणी, दरवर्षीची कागदपत्रं, विमा आणि उभं करायच्या जागेचं भाडं. सोनं कपाटात ठेवलं तर खात नाही, विमान उभं राहूनही खातं.

आणि उभं राहिलेलं विमान लवकर मरतं. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन महिनोन् महिने बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल खाली ओघळून जातं, दमट हवा लागते आणि गंज धरतो. म्हणून वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या विमानापेक्षा रोज उडणारं आणि वेळेवर तपासलेलं विमान जास्त विश्वासाचं मानलं जातं. घरात वापराविना पडलेल्या शिलाई मशीनचा अनुभव आपल्या भगिनींना आहेच.

याच संदर्भात इंदापूर तालुक्याची एक आठवण सांगितली पाहिजे. वालचंदनगर सगळ्यांना साखर कारखान्यामुळे माहीत आहे. ते वसवणारे शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. पुढे ती सरकारी झाली. आजची एचएएल ती हीच. याच कंपनीने फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’ नावाचं दोन आसनी छोटं विमान बनवलं. ते १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. देशातल्या अनेक पायलटांनी पहिले धडे त्याच्यावर गिरवले. पण पुष्पक दीडशेच्या आसपासच बनली. उत्पादन थांबलं तसे पार्ट मिळेनासे झाले. जिथे उरली आहेत, तिथे ती मुख्यतः जपून ठेवण्याची वस्तू झाली आहेत.

पुष्पक आपलं होतं, साधं होतं. तरी कामाच्या बाजारात टिकलं नाही. सेसना १५२ त्याच्या कितीतरी पटीने जास्त बनलं आणि टिकलं. कारण हजारो विमानं जगभर असली की त्यांचे पार्ट बनवणारे आणि मोडकी विमानं घेऊन सुटे भाग विकणारे लोक टिकून राहतात. पुण्याच्या जुन्या बाजारात कोणत्या गाडीचा पार्ट सहज मिळतो, हे ठाऊक असलेल्या फिटरला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

मग पुढे काय होईल? आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट मागणीची. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमानं येत्या काळात यायची तर पायलट लागणार. पायलट घडवायचे तर शिकवायची विमानं लागणार. म्हणून चालू अवस्थेतल्या जुन्या प्रशिक्षण विमानांची गरज एकदम संपणार नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि हीच सर्वांत मोठी आहे. या जुन्या इंजिनांना ‘एव्हगॅस १०० एलएल’ नावाचं पेट्रोल लागतं. त्यात शिसं असतं. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, विमानाच्या पेट्रोलमध्ये राहिलं. भारतात हे इंधन आधी बाहेरून आणावं लागत असे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑईल ते आपल्या देशातच, वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवते. ही चांगली गोष्ट झाली. पण शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. अमेरिकेने २०३० अखेर हे इंधन बंद करण्याचं ध्येय ठेवलं आहे. युरोपातही त्यावर बंधनं आली आहेत. शिसं नसलेल्या नव्या पेट्रोलला तिथे मंजुरी मिळाली आहे, पण ते सगळीकडे पोहोचलेलं नाही. उद्या शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर जी इंजिनं बदल न करता चालली, त्यांचा भाव वाढेल. ज्यांना ते मानवणार नाही, त्यांचा भाव एका रात्रीत खाली येईल.

तिसरी गोष्ट नव्या विमानांची. हलक्या इंजिनाची, कमी पेट्रोल पिणारी आणि साध्या बिनशिशाच्या पेट्रोलवर चालणारी नवी विमानं बाजारात आहेत. काही विमानं जेटच्या इंधनावर चालतात. स्लोव्हेनिया देशातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या दोन आसनी विमानाला २०२० मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. पण ते एका चार्जवर तासाभरापेक्षा कमी उडतं. लांबच्या सरावाला ते पुरत नाही. आपल्या देशात बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं हंसा-एनजी हे प्रशिक्षण विमान २०२१ मध्ये पहिल्यांदा उडालं. अशी विमानं परवडणाऱ्या किमतीत आणि पुरेशा संख्येने मिळू लागली, तर जुन्यांवरचा भार कमी होईल.

या सगळ्याचा आमच्या समजुतीप्रमाणे अर्थ असा. सगळ्या जुन्या विमानांचा भाव एकसारखा चढणार नाही आणि एकसारखा पडणारही नाही. ज्यांची वही पूर्ण आहे, तपासण्या झालेल्या आहेत, इंजिनात तास शिल्लक आहेत आणि नवं पेट्रोल चालतं, ती आणखी कित्येक वर्षं किंमत राखतील. जी कोपऱ्यात उभी आहेत आणि ज्यांचे कागद अर्धे आहेत, ती सुट्या पार्टच्या भावाने जातील.

आता आई-वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं एक सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. २२ वर्षांची एक शिकाऊ मुलगी एकटी ते चालवत होती. ती किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले. अशा बातम्या ऐकल्यावर आईचा जीव खाली-वर होणारच. अपघाताचं कारण चौकशीतच ठरतं, आपण घरात बसून ठरवू नये. पण एवढं नक्की सांगता येतं की ‘विमान किती जुनं?’ हा एकच प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. विमानाची किंमत ज्या गोष्टींनी ठरते, त्याच गोष्टींनी त्याची सुरक्षितताही बरीचशी ठरते. तास, तपासणी, वही आणि काम करणारे हात. चाळीस वर्षांचं सांभाळलेलं विमान चांगलं असू शकतं आणि चार वर्षांचं हेळसांड झालेलं विमान धोक्याचं असू शकतं.

म्हणून कोणत्याही संस्थेत फी भरण्यापूर्वी आई-वडिलांनी सोबत जाऊन, संकोच न करता काही प्रश्न विचारावेत.

संस्थेकडे विमानं किती आहेत, आणि त्यांतली आज उडण्याच्या स्थितीत किती? कागदावर दहा आणि हवेत तीन असतील, तर मुलाचा नंबर कधी लागणार?

मागच्या बॅचच्या मुलांना लायसन्ससाठी लागणारे २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले? हे संस्थेला विचारा आणि तिथल्या मुलांनाही वेगळं विचारा.

देखभाल संस्था स्वतः करते की बाहेरून करून घेते? लायसन्स असलेले किती इंजिनिअर आहेत? कोणत्या विमानांचं इंजिन काम जवळ आलं आहे? पार्ट परदेशातून यायचा असेल तर विमान महिनोन् महिने उभं राहतं, आणि मुलाचं हॉस्टेलचं भाडं मात्र चालू राहतं.

फी टप्प्याटप्प्याने घेतात का? मुलाने किंवा संस्थेने मध्येच थांबवलं तर किती पैसे परत, हे लेखी देतात का? सगळी रक्कम एकदम भरू नका. जेवढे तास उडाले, तेवढे पैसे, हा व्यवहार दोघांनाही सोयीचा असतो.

आणि या सगळ्याच्या आधी मुलाची डीजीसीएच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी करून घ्या. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. पायलटच्या शिक्षणाचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास जातो. एवढी रक्कम घराबाहेर जाण्यापूर्वी डोळे, कान आणि हृदय ठीक आहेत याची खात्री नको का?

शेवटी गॅरेजवाल्या भाईंसाठी. बारामती, इंदापूर, भिगवण, कुठेही जा, इंजिन कामात, वेल्डिंगमध्ये, वायरिंगमध्ये आपल्या समाजातली मुलं हाताने हुशार असतात. पण हा हुन्नर बऱ्याचदा वडिलांच्या शटरपाशी थांबतो. जुनी विमानं टिकून राहायची, तर त्यांना जपणारी माणसं लागणार. त्यासाठी विमान देखभाल इंजिनिअरचं लायसन्स असतं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रवेश घेता येतो. पिस्टन इंजिनच्या विमानांसाठी त्यात वेगळा विभागही आहे. वाट सोपी नाही. परीक्षा इंग्रजीत, अनुभवाची अट कडक, आणि पहिली काही वर्षं पगार बेताचा. संस्थेची मान्यता चालू आहे का, हेही स्वतः तपासावं लागतं. पण खर्च पायलटच्या शिक्षणाच्या काही अंशानेच येतो, आणि मुलींनाही हे क्षेत्र तेवढंच खुलं आहे.

गॅरेजमधल्या मुलाला आजपासून एक सवय मात्र नक्की लावता येईल. केलेलं काम वहीत लिहायची. कोणती गाडी, किती रनिंग, कोणता पार्ट बदलला, कधी बदलला. ती वही पाहून गिऱ्हाईकाचा विश्वास वाढेल, आणि पुढे तो मुलगा विमानाकडे वळलाच तर अर्धी शिस्त घरूनच घेऊन जाईल.

पुढच्या महिन्यात बारावीनंतरच्या शिष्यवृत्त्या आणि त्यांचे अर्ज कधी, कुठे भरायचे, याबद्दल बोलू, इन्शाअल्लाह.